गंगापूर बॅकवॉटर: व्हॅनमधला १२ व्होल्टचा फ्रिज दर मिनिटाला सुरू होऊन बंद पडतोय

गोदाकाठची | शनिवार, रात्री २:१०

गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला, गंगावऱ्ह्याच्या बाजूला मुक्काम आहे. नाशिक शहर जवळ आहे, पण या वेळेला उघडं दुकान कुठलं मिळणार? म्हणून इथे विचारते.

फ्रिज: ४० लिटरचा, वरून झाकण उघडणारा, कॉम्प्रेसरवाला, गॅस आर-१३४ए. डिस्प्ले नाही, गोल नॉब आणि एक लाल दिवा.
बॅटरी: मागच्या सीटखाली १५० एएचची (अँपिअर-अवर) ट्युब्युलर, घरच्या इन्व्हर्टरला असते तीच जात.
छतावर १६५ वॉटचं पॅनेल. इंजिन सुरू असताना रिलेवाटे चार्जिंग.
फ्रिज पुढच्या बाजूला, सिगारेट लायटरच्या सॉकेटवर. वायरिंग व्हॅन बांधणाऱ्यानेच केलेलं.

लक्षण: पंखा फिरतो, कॉम्प्रेसर घुर्र करून काही सेकंद चालतो, मग टक् आणि बंद. मिनिटभराने पुन्हा तेच. आतल्या थर्मामीटरवर १४ अंश. संध्याकाळी गाडी चालू होती तोवर सगळं सुरळीत होतं. पॅनेलच्या मीटरवर बॅटरी १२.१ दिसते, म्हणजे बॅटरी उतरलेली वाटत नाही.

आत दोन लिटर दूध, दही, मॅरिनेट केलेलं चिकन आणि आईचं इन्सुलिन आहे. मल्टिमीटर जवळ आहे. कुठून सुरुवात करू?

---

तर्री | २:२२

गॅस गेला. आर-१३४ए रस्त्याच्या धक्क्यांनी हमखास गळतो. सकाळी कुठल्याही कार एसीवाल्याकडे भरून घ्या, अर्ध्या तासाचं काम.

---

सातपूर_फिटर | २:३१

तर्री, गॅस कमी असला की कॉम्प्रेसर बंद पडत नाही, उलट थांबायचं नावच घेत नाही. करंट कमी घेतो, ४-५ अँपिअरच्या जागी २-२.५. आतल्या पत्र्यावर एखाद्या कोपऱ्यातच दव धरतं, बाकी पत्रा कोरडा. इथलं लक्षण अगदी उलटं आहे.

आणि कार एसीवाल्याकडे तर नकोच. गाडीच्या एसीत गॅस पाचेकशे ग्रॅम, या फ्रिजमध्ये पन्नासच्या आसपास किंवा त्याहून कमी. गेज लावले की नळ्यांतच त्यातला बराचसा गॅस निघून जातो. मग तो "कमी होता" म्हणून अंदाजाने भरतो, तो जास्त होतो, आणि चांगला फ्रिज खरोखर बिघडतो. गॅस भरायचाच झाला तर आधी गळती शोधायची, व्हॅक्यूम करायचा आणि मग काट्यावर वजन करून, प्लेटवर लिहिलेला आकडा गाठायचा.

ताई, आधी लाल दिवा मोजा. या जातीच्या कॉम्प्रेसरला (डॅनफॉसचे बीडी-३५एफ, आता सेकॉप नावाने येतात, आणि त्यांच्या धर्तीवरचे बरेच) शेजारी एक इलेक्ट्रॉनिक डबी असते. बिघाड असला की दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो, थांबतो, आणि दर चार सेकंदांनी तेच पुन्हा.

१ वेळा: बॅटरी संरक्षण, म्हणजे डबीला व्होल्टेज कमी मिळतंय.
२ वेळा: पंखा जास्त करंट ओढतोय.
३ वेळा: मोटर सुरूच होत नाही. रोटर अडकलाय, किंवा बंद झाल्या झाल्या पुन्हा सुरू करायला गेल्याने दाब अजून समान झालेला नाही.
४ वेळा: मोटर सुरू होते पण किमान वेग धरत नाही.
५ वेळा: डबी तापलीय.

किती वेळा लुकलुकतो ते सांगा. माझी पैज एकवर.

---

ओहमशांती | २:४०

फिटरदादांच्या पैजेत मीही आहे. मोजायचं कसं ते लिहितो, कारण नव्वद टक्के लोक इथेच चुकतात: मीटर बॅटरीवर लावतात आणि "१२.१ आहे की!" म्हणतात. फ्रिजला बॅटरीचं व्होल्टेज मिळत नाही. वायर, फ्यूज, सॉकेट, बोल्ट या सगळ्यांनी आपापला वाटा खाऊन जे उरतं ते मिळतं. हा वाटा करंट वाहत असतानाच खाल्ला जातो, म्हणून कॉम्प्रेसर थांबलेला असताना घेतलेलं रीडिंग बिनकामाचं.

मीटर डीसी २० व्होल्टच्या रेंजवर ठेवा. कॉम्प्रेसर घुर्र करेल त्या काही सेकंदांत एकेक रीडिंग घ्या. मिनिटाला एक संधी मिळेल, घाई नको.

अ) बॅटरीच्या दोन खांबांमध्ये. लगवर (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) नाही, प्रत्यक्ष शिशाच्या खांबावर टोक टेकवा.
आ) फ्रिजच्या मागे, जिथे प्लग फ्रिजमध्ये जातो तिथे.
इ) बॅटरीचा प्लस खांब आणि फ्रिजचं प्लस टर्मिनल यांच्यामध्ये. मीटरची वायर पुरणार नाही, कुठलीही बारीक वायर जोडून लांब करा. मीटर करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे बारीक वायरने रीडिंग बिघडत नाही.
ई) तेच मायनसच्या बाजूला.

इ आणि ई प्रत्येकी ०.२ च्या आत हवेत. आणि अ उणे आ = इ अधिक ई. हा ताळा जमला नाही तर कुठेतरी टोक नीट टेकलेलं नव्हतं.

---

द्राक्षबाग | २:४४

तोवर इन्सुलिनचं बघा. न उघडलेलं २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. वापरात असलेलं पेन किंवा कुपी साधारण २५-३० अंशांच्या आत काही आठवडे टिकते. नक्की किती, ते प्रत्येक प्रकाराच्या डब्यातल्या कागदावर असतं, तो वाचा. म्हणजे १४ अंशांवर आज रात्री घाबरण्यासारखं काही नाही. चूक होते ती पुढे: फ्रिज दुरुस्त झाला की लोक नॉब पूर्ण फिरवतात आणि कुपी थंड पत्र्याला चिकटून गोठते. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर वापरायचं नाही, दिसायला नेहमीसारखं असलं तरी. रुमालात गुंडाळून डब्यात, डबा मधोमध.

फ्रिज अजिबातच हाताशी नसेल तर मातीचं भांडं, बाहेरून ओलं फडकं, आत कोरड्या डबीत कुपी. जुना आणि चालणारा उपाय.

चिकन किती वेळ ५ अंशांच्या वर आहे? चार तास झाले असतील तर टाकून द्या. "उकळून रस्सा करू" हे चालत नाही, काही जंतूंनी तयार केलेलं विष उकळूनही जात नाही.

---

गोदाकाठची | ३:१८

दिवा एकदाच लुकलुकतो. फिटरदादा, पैज जिंकलात.

अ) बॅटरी: थांबलेलं असताना १२.१, कॉम्प्रेसर चालताना ११.९
आ) फ्रिजच्या मागे: चालताना १०.३५, टक् झाल्यावर परत १२.०५
इ) प्लस बाजू: ०.९५
ई) मायनस बाजू: ०.६

क्लॅम्प मीटरही आहे, पण तो शून्यच दाखवतो.

बॅटरीपासून फ्रिजपर्यंत प्लसची वायर सुमारे ६ मीटर आहे, वर १.५ स्क्वेअर (चौरस मिलिमीटर) छापलंय. मायनस बॅटरीपर्यंत जातच नाही, सॉकेटच्या मागे अर्धा मीटरवर चॅसिसच्या बोल्टला लावलीय.

---

ओहमशांती | ३:२९

ताळा पक्का: ११.९ उणे १०.३५ = १.५५, आणि ०.९५ + ०.६ = १.५५.

क्लॅम्प शून्य दाखवतो कारण स्वस्तातले बहुतेक क्लॅम्प फक्त एसी करंट मोजतात. डीसीसाठी हॉल सेन्सरवालाच लागतो, डायलवर अँपिअरच्या अक्षरापुढे सरळ आणि तुटक रेघ आहे का बघा. नसली तर तो या कामाचा नाही.

आता खेळ कसा चाललाय ते बघा. या डबीचा कारखान्यातून येणारा हिशेब असा: १०.४ ला बंद, ११.७ झाल्यावरच परत सुरू. कॉम्प्रेसर चालला की वाटेत दीड व्होल्ट जातात, डबीला १०.३५ दिसतात, ती म्हणते बॅटरी उतरली, बंद. करंट थांबला की वाटेतली व्होल्टेजची घटही थांबते, डबीला १२.०५ दिसतात, ती म्हणते बॅटरी आली, चालू. हे रात्रभर. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९ असतात, त्यातून दीड गेले तरी १२.४ उरतात, म्हणून गाडी चालताना सगळं सुरळीत. फ्रिजही चांगला आहे आणि डबीही तिचं काम चोख करतेय.

दीड व्होल्ट गेले कुठे? १.५ स्क्वेअरच्या तांब्याच्या तारेला मीटरमागे साधारण ०.०१३ ओहम. सहा मीटरचे ०.०८. साडेपाच अँपिअरला ०.४४ व्होल्ट. म्हणजे प्लसच्या ०.९५ पैकी जवळजवळ निम्मे वायरने खाल्ले, उरलेले अर्धा व्होल्ट सॉकेट, प्लग आणि फ्यूजने. मायनसला फ्रिजची कॉर्ड आणि तो अर्धा मीटर मिळून फार तर ०.२. बाकीचे ०.४ चॅसिसच्या बोल्टात आहेत. त्या बोल्टाखाली रंग असणार, हे न बघता सांगतो.

---

तर्री | ३:३३

बरं, गॅसचं मागे घेतो. पण मग सोपं आहे की: डबीवर सी आणि पी टर्मिनलमध्ये वायरचा तुकडा टाका, बंद व्हायची मर्यादा १०.४ वरून ९.६ वर येते. फ्रिज लगेच चालेल.

---

सातपूर_फिटर | ३:४१

चालेल. माहिती बरोबर आहे, सल्ला चुकीचा आहे. ९.६ पर्यंत खाली जायला दिलं की शिसे-आम्लाची बॅटरी रात्रीत मुळापर्यंत उपसली जाते आणि प्लेटांवर सल्फेट बसतं. वाटेतला दीड व्होल्ट मात्र तसाच उष्णता होऊन सॉकेटमध्ये जिरत राहणार. साडेपाच अँपिअर गुणिले अर्धा व्होल्ट, पावणेतीन वॉट, पैशाएवढ्या जागेत. सॉकेटचं प्लास्टिक पिवळं-तपकिरी पडतं ते यानेच. संरक्षणाची मर्यादा खाली ओढण्याआधी संरक्षण का लागतंय ते काढायचं.

ताई, आज रात्रीपुरतं. क्रम पाळा.

१. फ्रिजचा प्लग काढा, नंतर बॅटरीची मायनस लग काढा. पाना प्लसला लागून बॉडीला टेकला तर ठिणगी नाही, वेल्डिंग होतं. हातात कडं-अंगठी नको.

२. चॅसिसचा बोल्ट उघडा. पॉलिश पेपर ८० नंबर, नसेल तर चाकूची पाठ. बोल्टाभोवती रुपयाच्या नाण्याएवढा गोल पांढरा पत्रा दिसेपर्यंत रंग खरवडा. लगची दोन्ही तोंडंही चकचकीत करा. क्रम: पत्रा, लग, दातेरी वॉशर, नट. पत्रा आणि लग यांच्यामध्ये वॉशर नको, ही चूक सर्रास दिसते. घट्ट केल्यावर वरून थोडं ग्रीस किंवा व्हॅसलीन. आधी नाही.

३. लायटर प्लगचं टोक फिरवून उघडा. आत काचेचा फ्यूज, मागे स्प्रिंग, पुढे पितळी टोपी. टोपी सैल असते किंवा स्प्रिंग तापून मऊ झालेली असते. स्प्रिंग हलकेच ताणा, फ्यूजची टोकं घासा, टोपी घट्ट करा. बाजूचे दोन पत्रे किंचित बाहेर वाकवा.

४. सॉकेटच्या तळातलं बटण काड्यापेटीच्या खरखरीत पट्टीने घासा. बॅटरी अजून सुटलेलीच हवी.

५. बॅटरीच्या खांबांवर पांढरं-हिरवं काही साचलं असेल तर गरम पाणी आणि चमचाभर खाण्याचा सोडा, मग कोरडं करा. सोड्याचं पाणी बॅटरीच्या झाकणातून आत जाता कामा नये.

मग मायनस जोडा, प्लग लावा, इ-ई पुन्हा मोजा. नॉब मध्यावर. आत गरम झालेलं दूध आहे म्हणून नॉब पूर्ण फिरवू नका, त्याने थंड लवकर होत नाही, कॉम्प्रेसर नुसता जास्त वेळ चालतो. (साध्या थर्मोस्टॅटच्या मॉडेलमध्ये तरी. वेग बदलणाऱ्या मॉडेलची गोष्ट वेगळी.)

---

ओहमशांती | ३:४६

पुस्ती: जमत असेल तर फ्रिज उचलून बॅटरीशेजारी न्या. सहा मीटरची वायर बायपास करायचा याहून स्वस्त मार्ग नाही. फ्रिजबरोबर मगरचिमट्यांची वायर आली असेल तर थेट खांबांवर, पण मध्ये फ्यूज आहे याची खात्री करून.

---

गोदाकाठची | सकाळी ६:४५

बोल्टाखाली काळा जाड रंग होता आणि वर गंज. प्लगची टोपी चक्क दोन आटे सैल. मगरचिमटे नाहीत, त्यामुळे फ्रिज जागीच ठेवलाय.

नवे आकडे, कॉम्प्रेसर चालताना: प्लस ०.६, मायनस ०.२. बॅटरीवर ११.९, फ्रिजच्या मागे ११.१. तेव्हापासून एकदाही टक् झालं नाही, दिवा बंद. पावणेसातला आत ५ अंश. इन्सुलिन डब्यात मधोमध आहे. चिकन टाकलं.

आता शंका: कायमचं वायरिंग नेमकं काय घ्यावं? आणि सकाळी, ऊन यायच्या आधी, फ्रिज काढून अर्ध्या तासाने बॅटरी ११.९ दाखवतेय. हे ठीक आहे का?

---

सातपूर_फिटर | ८:०५

वायरिंग आधी.

सेकॉपच्या तक्त्यात १२ व्होल्टला २.५ स्क्वेअर अडीच मीटरपर्यंत, ४ स्क्वेअर चार मीटर, ६ स्क्वेअर सहा मीटर, १० स्क्वेअर दहा मीटर. लक्षात ठेवायला सोपं, जेवढे मीटर तेवढा स्क्वेअर. हे अंतर एकेरी, बॅटरी ते फ्रिज. तुमचं सहा मीटर आहे, म्हणून ६ स्क्वेअर. आणि मायनसही वायरनेच बॅटरीपर्यंत न्यायचा, चॅसिसचा भरवसा सोडा.

सोलरची डीसी केबल घ्या. ६ स्क्वेअर, लाल ७ मीटर, काळी ७ मीटर. कथील चढवलेलं बारीक तारांचं तांबं, दुहेरी आवरण, उन्हाला आणि थरथरीला टिकतं. सोलर बसवणारे सुटी देतात. घरगुती वायरिंगची ६ स्क्वेअर चालेल, पण ती कडक. पत्र्याच्या भोकातून नेताना रबरी ग्रोमेट हवाच, नाहीतर महिन्याभरात पत्रा आवरण कापतो.

फ्यूज: १५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज, बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात. फ्रिजजवळ लावलेला फ्यूज फ्रिज वाचवेल, पण मधली वायर बॉडीला घासून शॉर्ट झाली तर गाडी पेटेल. आहे त्याच वायरवर २० किंवा ३० चा टाकून "आता उडत नाही" म्हणणारेही भेटतात, त्यांच्यापासून लांब राहा.

सॉकेट काढून टाका. लायटरचं सॉकेट सिगारेट पेटवायला केलेलं, दहा सेकंद करंट द्यायला. तिथे ५० अँपिअरचा अँडरसन कनेक्टर. करड्या रंगाचा, दोन्ही बाजूंना तोच तुकडा. जोडी घेताना आतल्या पट्ट्या ६ स्क्वेअरच्या आहेत ना बघा, मोठ्या मापाच्या पट्टीत बारीक वायर दाबली की ती सैलच राहते.

थिंबल (केबलच्या टोकाची लग): ६ स्क्वेअरची, भोक बॅटरीच्या बोल्टाच्या मापाचं. चार घ्या, दोन लागतील आणि दोन दाबताना वाया जातील. पकडीने चेपू नका. षटकोनी तोंडाचं क्रिम्पिंग टूल, किंवा सातपूर-अंबडच्या पॅनेलवाल्यांकडे दाबून घ्या. क्रिम्प झाल्यावर ओढून बघा, एक तारही सरकायला नको. वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी). सोल्डर ओतून थिंबल भरू नका, सोल्डर जिथे संपतं तिथे तार कडक होते आणि हलत्या गाडीत तिथेच तुटते.

जोडल्यावर अपेक्षा: ०.००३३ ओहम गुणिले १२ मीटर, साडेपाच अँपिअरला ०.२२ व्होल्ट. मीटरवर ०.३ आले तरी खुशाल झोपा.

---

इगतपुरीचं_धुकं | १०:२०

अवांतर होईल, पण धागा वाचून विचारतो. आयात केलेल्या जुन्या कॅराव्हॅनमध्ये तीन-मार्गी फ्रिज आहे: एलपीजी, १२ व्होल्ट, २३० व्होल्ट. २३० वर ठीक, गॅसवर पेटतो पण थंड होत नाही. हाही वायरिंगचाच प्रकार का?

---

सातपूर_फिटर | १०:५२

नाही, ते दैवतच वेगळं. त्यात कॉम्प्रेसर नाही, अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन नळ्यांत फिरतं आणि उष्णतेने चालतं. २३० वर थंड होतो म्हणजे नळ्या आणि आतलं रसायन ठीक आहे. (मागे पिवळी पूड किंवा अमोनियाचा झणझणीत वास असता तर विषय तिथेच संपला असता. तेव्हा खिडक्या उघडा, फ्रिज बंद करा, पेटवू नका.) राहिली ज्योत आणि उभं राहणं.

उभं राहणं: गाडी उतारावर असली की द्रव नळीत साचतो. दोन-तीन अंशांच्या वर कलू देऊ नका, लेव्हल फ्रिजच्या तळावर ठेवून बघा. गंगापूरच्या काठासारख्या उताराच्या जागी चाकाखाली फळ्या लागणारच. मात्र २३० आणि गॅस दोन्ही त्याच जागी, त्याच उतारावर करून पाहिलं असेल तर हे कारण बाद.

ज्योत: निळी, आवाज करणारी हवी. पिवळी, लुळी असेल तर गॅस कमी येतोय किंवा हवा अडतेय. टाकी बंद करून, सगळं गार झाल्यावर बर्नर काढा. धुराड्यात काजळी आणि गंजाचे पोपडे असतात, वरून बाटली धुवायच्या ब्रशने झाडा, खाली पडलेला कचरा बर्नरवरून काढा. धुराड्यात लोंबणारी पिळाची पट्टी जागेवर आहे का बघा, ती नसली तर उष्णता सरळ वर निघून जाते. जेटच्या (गॅस सोडणाऱ्या बारीक तोंडाच्या) भोकात सुई घालू नका, भोक मोठं होतं आणि ज्योत कायमची बिघडते. जेट स्पिरिटमध्ये तासभर बुडवा आणि हवेने फुंका.

गाडी पावसाळाभर उभी असेल तर कुंभारीण माशीचं मातीचं घरटं बाहेरच्या जाळीत किंवा बर्नरच्या नळीत हमखास मिळतं. कोळ्याचं जाळं तर दिसतही नाही, पण हवा अडवायला पुरतं.

दाब: आपला घरगुती रेग्युलेटर ३० मिलिबारच्या आसपास देतो, बहुतेक युरोपीय फ्रिजना ते चालतं. फ्रिजच्या प्लेटवर आकडा असतो, जुळवून बघा. भट्टीच्या शेगडीचा हाय-प्रेशर रेग्युलेटर चुकूनही नको.

---

ओहमशांती | ११:०५

आणि त्याचा १२ व्होल्टचा मार्ग फक्त गाडी चालत असतानाच वापरा. तो शुद्ध हीटर आहे, १०-१५ अँपिअर, मध्ये थांबतही नाही. मुक्कामाला लावला तर १०० एएचची बॅटरी मध्यरात्रीच आटोपते. पेट्रोल पंपावर शिरण्याआधी ज्योत बंद, हे सांगायला नको पण सांगतो.

---

द्राक्षबाग | ११:३०

मूळ धाग्याला धरून: फ्रिज प्लायवूडच्या कपाटात बसवलेला असेल तर कॉम्प्रेसर आणि पंख्याच्या बाजूला हवा येण्या-जाण्याची वाट आहे ना बघा. नाशकात एप्रिल-मेमध्ये बाहेर चाळिशी, बंद गाडीत त्याहून बरंच जास्त. या फ्रिजच्या प्लेटवर टी लिहिलेलं असेल तर तो ४३ अंशांपर्यंतच्या हवेसाठी केलेला असतो, एन असेल तर ३२. बंद कपाटात स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो, मग कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि डबी तापून दिवा पाच वेळा लुकलुकतो. खालून गार हवा आत, वरून गरम बाहेर, दोन्हीकडे हाताच्या पंजाएवढी जाळी. जाळीमागे पिशव्या कोंबायच्या नाहीत, तीच तर जागा सगळ्यांना सामान ठेवायला सापडते.

पंखा मेलाय का तपासायला: प्लग काढून त्याच्या दोन तारा थेट १२ व्होल्टवर लावा. फिरला तर पंखा ठीक, मग डबीचं आउटपुट बघायचं. नाही फिरला तर कॉम्प्युटरचा त्याच मापाचा १२ व्होल्टचा पंखा बसतो, अर्ध्या अँपिअरच्या आतला, आणि हवेची दिशा आधीसारखीच.

थर्मोस्टॅटवर संशय असेल तर डबीच्या सी आणि टी मध्ये वायर टेकवा. कॉम्प्रेसर चालला की थर्मोस्टॅट किंवा त्याची वायर गेली असं समजा. इथे ते नव्हतं, पण पुढे कोणी शोधत आलं तर.

---

गोदाकाठची | दुपारी १२:४०

टी लिहिलंय. जाळी आहे, मागे चटई कोंबलेली होती. काढली.

बॅटरीच्या ११.९ बद्दल कोणी बोललं नाही.

---

ओहमशांती | १:१५

मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण ते वायरिंगने सुटणारं नाही. हिशेब करू.

फ्रिज चालताना साधारण साडेचार-पाच अँपिअर. उन्हाळ्यात निम्मा वेळ चालतो असं धरा, म्हणजे सरासरी अडीच. संध्याकाळी सात ते सकाळी सात, ३० एएच. दिवे, पंखा, मोबाइल मिळून आणखी १०-१५. १५० एएचची बॅटरी धडधाकट असती आणि संध्याकाळी भरलेली असती तर सकाळी दोन तृतीयांशाहून जास्त शिल्लक असायला हवी होती. ट्युब्युलर पूर्ण भरल्यावर विसाव्याला साडेबाराच्या आसपास दाखवते. तुमची ११.९ वर आहे, निम्म्याच्याही बरीच खाली. तेव्हा एकतर संध्याकाळी ती भरलेली नव्हती, किंवा १५० राहिलेली नाही.

पॅनेल सपाट छतावर, धूळ, उष्णता धरून १६५ वॉटमधून उन्हाळ्याच्या दिवशी ४५ एएच मिळाले तर पुष्कळ. एकट्या फ्रिजचाच चोवीस तासांचा खर्च ५०-६०. म्हणजे गाडी न हलवता तिसऱ्या दिवशी खड्डा पडणारच. रिलेवाटे इंजिनचं चार्जिंग म्हणता, पण बीएस-६ गाडी असेल तर अल्टरनेटरचं व्होल्टेज बऱ्याचदा ईसीयू (इंजिनचा संगणक) कमी-जास्त करतो आणि ट्युब्युलरला हवे तेवढे व्होल्ट मिळत नाहीत. तिथे डीसी-टू-डीसी चार्जर लागतो.

पण आधी बॅटरीच तपासा. हायड्रोमीटर (आम्लाची घनता मोजणारी नळी) आणा, इन्व्हर्टर बॅटरीच्या दुकानात स्वस्तात मिळतो. सहाही झाकणं उघडून प्रत्येक सेलचं रीडिंग. चष्मा आणि रबरी हातमोजे घाला, आणि त्याआधी लगेच पाणी टाकू नका, वरचं पाणी मिसळलेलं नसलं की आकडा खोटा येतो.

---

सातपूर_फिटर | १:२८

शिवाय ही जात घरात उभी राहण्यासाठी केलेली आहे. सीटखाली असेल तर पट्ट्याने आवळलेली आहे का, आणि चार्ज होताना निघणारा हायड्रोजन बाहेर जायला नळी आहे का? दोन्ही नसेल तर बॅटरी चांगली निघाली तरी तिथे ठेवू नका.

---

गोदाकाठची | रविवार, सकाळी ७:३०

पट्टा आहे, नळी नाही.

सकाळी विसाव्याला ११.९. सेल १ ते ६: १.१५५, १.१५०, १.१५५, १.०७०, १.१५०, १.१६०.

---

ओहमशांती | ८:१०

चौथा सेल. बाकी पाच एकमेकांच्या ०.०१० च्या आत, तो ०.०८० खाली. आकड्यांत ०.८४ मिळवला की सेलचं व्होल्टेज येतं: पाच सेल १.९९ च्या आसपास, चौथा १.९१. बेरीज ११.८८, मीटरशी जुळतं.

घरी नेऊन इन्व्हर्टर चार्जरवर पूर्ण भरा, मग आणखी काही तास इक्वलायझिंग चार्ज (सगळे सेल सारखे करणारं जादा चार्जिंग) द्या. दर तासाला चौथ्याचं रीडिंग घ्या, बॅटरीला हात लावून बघा, कोमटपेक्षा गरम झाली की थांबवा. बाकीचे १.२४० ला गेल्यावर चौथा १.२१० पर्यंत आला तर आणखी काही महिने चालेल. १.१८० लाच अडकला तर तो सेल आतून गेला, आणि एका सेलसाठी अख्खी बॅटरी बदलावी लागते.

---

सातपूर_फिटर | ८:२५

आणि बदललीत तर मागच्या सीटखाली नको. फ्रिजच्या शेजारी, दीड मीटरच्या आत. मग ६ स्क्वेअरही लागणार नाही, अडीचमध्ये भागेल.

---

गोदाकाठची | ८:४०

केबल अजून घेतलेली नाही. आधी बॅटरी चार्जरवर लावते, चौथ्या सेलचे आकडे इथेच टाकते.